रिकाम्या केलेल्या रानातलं श्वापद

अमेरिकेत केंटकी आणि टेनेसी या राज्यांच्या सीमेवर दोन लांबट सरोवरं जवळजवळ समांतर पसरली आहेत. पश्चिमेला केंटकी लेक, पूर्वेला लेक बार्कली. त्यांच्या मधे उरलेल्या जमिनीच्या पट्ट्याचं नावच ‘लँड बिटवीन द लेक्स’. उत्तर-दक्षिण साधारण ६५ किलोमीटर लांब, क्षेत्रफळ सुमारे १,७०,००० एकर, आणि आत राहतं घर एकही नाही. सरकारी दप्तरात हे ‘राष्ट्रीय मनोरंजन क्षेत्र’ आहे. तंबू ठोका, मासे धरा, घोड्यावरून हिंडा, हंगामात परवाना काढून हरणांची शिकार करा. दरवर्षी लाखो लोक तिथे जातात.

त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या कानावर रात्री शेकोटीभोवती एक गोष्ट पडते. या रानात दोन पायांवर चालणारं, सात फूट उंच, लांडग्याच्या तोंडाचं एक श्वापद आहे म्हणे.

असं श्वापद आहे का, या प्रश्नाचं उत्तर फार लवकर मिळतं आणि ते ‘नाही’ असंच आहे. त्या उत्तराला किती आधार आहे ते पुढे पाहूच. मला त्याहून मोठा वाटणारा प्रश्न वेगळा आहे. अमेरिकेत रानांची कमतरता नाही, मग या रानालाच असं श्वापद का चिकटलं? त्याचं उत्तर प्राणिशास्त्रात थोडंसं सापडतं आणि या जमिनीच्या इतिहासात बरंचसं.

गोष्ट

सगळ्यांत गाजलेला प्रसंग असा सांगतात. १९८२ चा वसंत. आई-वडील आणि दोन मुलं असं एक कुटुंब मोटरहोम घेऊन मुक्कामाला आलेलं. दुसऱ्या दिवशी गाडीच्या आसपास त्यांचे मृतदेह सापडतात, कुठल्याशा जनावरानं फाडलेले. धाकटी मुलगी तेवढी सापडत नाही, आणि अखेर सापडते ती झाडावर. जखमांमध्ये मिळालेले लांब केस प्रयोगशाळेत जातात. तिथून उत्तर येतं की केस लांडग्याच्या कुळातले आहेत, पण माहीत असलेल्या कुठल्याच प्राण्याशी जुळत नाहीत. मग वरून हुकूम येतो: कोणी काही बोलायचं नाही.

या प्रसंगाखाली आणखी दोन थर असतात. एक, जुन्या वसाहतीच्या काळातला: गुरं फाडलेली सापडायची, रात्री माणसासारखं पण माणसाचं नसलेलं ओरडणं ऐकू यायचं. दुसरा त्याहून जुना म्हणून सांगितला जातो: एका मूलनिवासी जमातीतला मांत्रिक लांडग्याचं रूप घ्यायचा, स्वतःच्याच लोकांनी त्याला त्या रूपात असताना मारलं आणि मरताना तो शाप देऊन गेला.

हा शापाचा थर मला सगळ्यांत कच्चा वाटतो. माणसाचा लांडगा होण्याची कल्पना युरोपातून आलेल्या लोकांनी सोबत आणली, याच्या खुणा जवळपासच आहेत. इंडियाना राज्यातल्या व्हिन्सेन्स या जुन्या फ्रेंच वस्तीत ‘लू-गारू’च्या, म्हणजे लांडगामाणसाच्या गोष्टी चालत. खाली लुइझियानात त्याच शब्दाचा ‘रूगारू’ झाला. जनावराचं कातडं पांघरून रूप बदलणारा मांत्रिक मात्र नैर्ऋत्येकडच्या नवाहो लोकांच्या कथांतून आलेला दिसतो, आणि ते लोक केंटकीपासून हजारभर मैल लांबचे. दोन्हीकडचे तुकडे जोडून, वर ‘प्राचीन शाप’ असा शिक्का मारला की गोष्ट आपोआप जुनी वाटू लागते. ज्यांची जमीन बळकावली त्यांच्याच नावावर भूतही चढवायचं, ही अमेरिकी भयकथांची जुनी खोड आहे.

कागद कुठे आहेत?

१९८२ च्या प्रसंगाकडे वळू, कारण तो तपासता येण्यासारखा आहे.

चार माणसं एकाच रात्री मेली की कागद तयार होतात, कोणी कितीही दडपायचं म्हटलं तरी. केंटकीत प्रत्येक काउंटीला निवडून आलेला कॉरोनर असतो. संशयास्पद मृत्यूची चौकशी करून कारण नोंदवणं हे त्याचं काम. चार मृत्युदाखले लागतात. कुठल्या तरी गावी अंत्यविधी होतो, कुठल्या तरी शाळेच्या वर्गात दोन बाकं रिकामी होतात, विमा कंपनी कागद मागते, नातेवाईक प्रश्न विचारतात. पडुका, मरे आणि क्लार्क्सव्हिल या आसपासच्या तिन्ही शहरांत तेव्हा स्थानिक वर्तमानपत्रं निघत होती, आणि अशा पत्रांत तर कोणाची गाय रस्त्यावर आली तरी बातमी होते. एवढं असून या हत्याकांडाची त्या काळातली बातमी पुढे आलेली नाही. मेलेल्यांची नावंही गोष्टीत कधी नसतात. मुक्कामाची जागा सांगणाऱ्यागणिक बदलते.

लोककथांचे अभ्यासक अशा गोष्टींची एक खूण सांगतात: सांगणारा स्वतः तिथे कधीच नसतो. त्याच्या मित्राचा मित्र असतो. इथे तो बहुधा पोलीस असतो, निवृत्त झालेला, आणि नाव न सांगण्याच्या अटीवर बोललेला. म्हणजे साक्षीदार गाठता येईल इतका जवळचा वाटतो, पण गाठायला गेलं की आणखी एक घर पुढे सरकतो.

आणि तो गप्प बसण्याचा हुकूम पाहा. गोष्टीतला सगळ्यांत हुशारीचा भाग तोच आहे. एकदा ‘सरकारनं दाबून टाकलं’ म्हटलं की पुरावा नसणं हाच पुरावा होऊन बसतो. बातमी नाही? दाबली. दाखले नाहीत? गायब केले. अशी गोष्ट खोटी पाडायला वाटच उरत नाही, आणि जी कुठल्याच माहितीनं खोटी ठरू शकत नाही ती खरीही ठरवता येत नाही. हा हुकूम या भागातल्या लोकांना इतका सहज का पटतो, त्याकडे पुढे येतो.

प्राणी म्हणून विचार केला तर अडचणी वाढतात. एकच श्वापद दोनशे वर्षं जगत नाही. नर, मादी, पिल्लं असा निदान काही डझनांचा समूह लागतो. माणसाहून उंच मांसाहारी प्राण्यांच्या अशा समूहाला वर्षभर ढीगभर हरणं लागतील. मग त्यांची विष्ठा, हाडं, गुहा, गाडीखाली मेलेलं एखादं पिल्लू, काहीतरी सापडायला हवं. ज्या रानात दर हंगामात शिकारी पायाखालचा पाचोळाही न्याहाळत फिरतात आणि जागोजागी झाडांना आपोआप फोटो काढणारे कॅमेरे बांधलेले असतात, तिथे यातलं काहीच हाती लागलेलं नाही.

उलट, खरं जनावर आलं की काय होतं, याचं उदाहरण त्याच राज्यात आहे. मार्च २०१३ मध्ये केंटकीतल्या मनफर्डव्हिल गावाजवळ एका शिकाऱ्यानं कायोटी समजून एक जनावर मारलं. कायोटी म्हणजे उत्तर अमेरिकेतला, कोल्ह्याहून मोठा आणि लांडग्याहून लहान असा कुत्र्याच्या कुळातला प्राणी. हे धूड कायोटीच्या मानानं फारच मोठं होतं: मादी, वजन ७३ पौंड. वन्यजीव खात्यानं नमुने प्रयोगशाळेत पाठवले आणि काही महिन्यांत डीएनएनं उत्तर दिलं की हा करडा लांडगा आहे. केंटकीत मोकळ्या रानात लांडगा दिसला तो जवळजवळ दीडशे वर्षांनी. एकटा, वाट चुकलेला किंवा कुणी पाळून सोडलेला असा एक लांडगा राज्यात आला तर तोही सहा महिन्यांच्या आत कागदावर आला.

मग लोक पाहतात काय, ऐकतात काय?

‘मी पाहिलं’ म्हणणारे सगळे खोटारडे असतात असं मुळीच नाही. बहुतेकांनी खरोखर काहीतरी पाहिलेलं किंवा ऐकलेलं असतं. त्या ‘काहीतरी’ची यादी या रानात बरीच मोठी आहे.

कानापासून सुरुवात करू, कारण रात्रीच्या रानात डोळ्यांआधी कानच फसतात. लँड बिटवीन द लेक्समध्ये सुमारे ७०० एकरांचं कुंपण घातलेलं एक कुरण आहे. १९९६ मध्ये तिथे एल्क आणि बायसन आणून सोडले. एल्क म्हणजे आपल्या सांबराहूनही थोराड हरीण. मोठ्या नराचं वजन तीनशे किलोंच्या वर जातं. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या माजाच्या दिवसांत हा नर जो आवाज काढतो तो हरणाचा असेल यावर पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही. खालच्या घोगऱ्या सुरातून चढत चढत तो शिट्टीसारख्या किंकाळीपर्यंत जातो आणि शेवटी धापा टाकल्यासारखा तुटतो. शांत संध्याकाळी तो मैलभर अंतरावरही ऐकू येतो. कुरण कुंपणात असलं तरी आवाजाला कुंपण नसतं.

याच रानात बार्ड आऊल नावाचं मोठं घुबड आहे. एकटं असताना ते ठेक्यात घुमतं. जोडी जमली की मात्र माकडांचा कल्लोळ वाटावा असा हसण्या-किंचाळण्याचा गोंधळ घालते. कोल्ह्याची मादी ऐन हिवाळ्यात, विणीच्या दिवसांत अशी ओरडते की कोणी बाईमाणूस संकटात आहे असं वाटून लोक पोलिसांना बोलावतात. बॉबकॅट हे छोटं रानमांजर, पण नर-मादीचं भांडण जुंपलं की आवाज वाघाच्या वरताण. आणि कायोटी. दोन-तीन कायोटी एकत्र रडू लागले की प्रत्येक जण सूर झपाझप बदलतो, ते सूर झाडांवरून आणि दरडींवरून परततात आणि दहा-बारा जनावरांनी घेरल्याचा भास होतो. किती जनावरं आहेत हे नुसतं ऐकून सांगणं अनुभवी माणसालाही जमत नाही.

डोळ्यांचं वेगळं. हरीण, कोल्हा, कायोटी, मांजर या सगळ्यांच्या डोळ्यांत पडद्यामागे प्रकाश परतवणारा एक थर असतो. विजेरी किंवा गाडीचा दिवा पडला की डोळे चमकतात, आणि अंधारात फक्त ते दोन ठिपके दिसतात. अंगाचा आकार दिसत नाही म्हटल्यावर अंतर कळत नाही. अंतर कळलं नाही की उंचीही कळत नाही. उतारावर वर उभं असलेलं साधं हरीण सात फुटांवर डोळे असलेलं काहीतरी होऊन बसतं.

दोन पायांवर उभं राहणं हेही हरणांना वर्ज्य नाही. माद्यांच्या भांडणात, किंवा नरांची शिंगं नवी आणि कोवळी असताना, हरणं मागच्या पायांवर ताठ उभी राहून पुढच्या खुरांनी एकमेकांना झोडपतात. धुक्यात चार सेकंद हे दृश्य दिसलं तर घरी जाऊन काय सांगाल? अस्वल तर दोन पायांवर चालूही शकतं. पश्चिम केंटकीत अस्वलं क्वचितच येतात, पण न्यू जर्सीतलं एक उदाहरण सांगण्यासारखं आहे. २०१४ पासून दोनेक वर्षं तिथल्या वस्तीत एक काळं अस्वल चक्क माणसासारखं सरळ उभं चालताना दिसायचं. पुढच्या पायांना इजा झाल्यामुळे त्यानं ही चाल उचलली होती. लोकांनी त्याचे व्हिडिओ काढले, त्याला नाव ठेवलं, आणि पाहणाऱ्यांतले कित्येक जण ‘हा वेष घेतलेला माणूसच’ म्हणून पैज लावायला तयार होते.

तिसरी गोष्ट खरजेची. एका सूक्ष्म किड्यामुळे कायोटी, कोल्हे, कुत्री यांना खरूज होते. केस झडतात, कातडी जाड, करडी, सुरकुतलेली होते, तोंड लांब आणि दात मोठे वाटू लागतात. असं जनावर आजारी असल्यामुळे भर दिवसा, माणसांजवळ दिसतं. २००७ मध्ये टेक्सासमधल्या क्वेरो गावात असंच एक बिनकेसांचं विद्रूप जनावर मेलेलं सापडलं आणि रक्त शोषणारा ‘चुपाकाब्रा’ सापडल्याची आरोळी उठली. टेक्सास स्टेट युनिव्हर्सिटीत डीएनए तपासला. निघाला कायोटी.

आठवण आणि अफवा

पाहिलेलं आणि सांगितलेलं यांच्या मधे आठवण असते, आणि आठवण ही काही पेटीत कुलूप लावून ठेवलेली वस्तू नाही.

१९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटार अपघाताची एक छोटी फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना ‘लागल्या’ तेव्हा वेग किती होता? काहींना विचारलं, गाड्या एकमेकींवर ‘आदळून चिरडल्या’ तेव्हा वेग किती होता? दुसऱ्या गटानं वेग जास्त सांगितला. एवढ्यावर थांबलं नाही. आठवड्यानं विचारलं, फुटलेल्या काचा पाहिल्यात का? काचा फिल्ममध्ये नव्हत्याच. जोरदार शब्द ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जण ‘हो’ म्हणाले, सौम्य शब्द ऐकलेल्या ५० पैकी ७. एका क्रियापदानं काचा फोडल्या. आता ज्यानं संध्याकाळीच श्वापदाची गोष्ट ऐकली आणि रात्री झाडीत खसखस ऐकली, त्याला सकाळी काय काय आठवेल याचा अंदाज करा.

गोष्ट पुढे सरकते तेव्हा आणखी एक घडतं. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत इंग्रज वाचकांना उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासींची एक लोककथा वाचायला दिली आणि ती पुन्हापुन्हा, काही वेळा एकाकडून दुसऱ्याला, सांगायला लावली. दर फेरीत कथा आखूड होत गेली. जे कळत नव्हतं ते गळालं, परकं होतं ते ओळखीचं झालं, सील या समुद्री प्राण्याच्या शिकारीला गेलेली माणसं काही जणांच्या सांगण्यात मासे धरायला गेली. सांगणारे लबाडी करत नव्हते. प्रत्येक जण आपल्या मनातल्या साच्यात कथा बसवत होता.

साचा कुठून येतो, याचा दाखला मिशिगनमध्ये मिळतो. १९८७ च्या एप्रिल फूलला ट्रॅव्हर्स सिटीच्या डब्ल्यूटीसीएम रेडिओवरच्या निवेदकानं, स्टीव्ह कुकनं, कुत्र्याच्या तोंडाच्या माणसाबद्दल एक गाणं बनवून वाजवलं. निव्वळ गंमत म्हणून, मनानं रचलेलं. थोड्याच दिवसांत श्रोत्यांचे फोन सुरू झाले: हे आम्ही पाहिलंय. चार वर्षांनी, १९९१ च्या शेवटी, विस्कॉन्सिनमधल्या एल्कहॉर्नजवळच्या ब्रे रोडवर लोकांना लांडग्यासारखं काही दिसल्याच्या बातम्या लिंडा गॉडफ्री या वार्ताहरानं स्थानिक साप्ताहिकात दिल्या आणि त्या देशभर गेल्या. दोन पायांवर चालणारा, उभ्या कानांचा, लांब तोंडाचा हा प्राणी तिथून पुढे अमेरिकी मनात पक्का बसला. केंटकीची गोष्ट १९८२ ची म्हणून सांगतात, पण ती सर्वदूर पोचली इंटरनेट आल्यानंतर, म्हणजे हा साचा तयार झाल्यावर.

एवढं सगळं मान्य केलं तरी मूळ प्रश्न शिल्लक राहतो. घुबडं, खरूज आणि कच्ची आठवण सगळीकडेच असते.

रान रिकामं कसं झालं

हे रान पाहून पहिल्यांदा येणाऱ्याला वाटतं, इथे आदिम काळापासून माणसाचा हात लागलेला नाही. खरं याच्या अगदी उलट आहे.

एकोणिसाव्या शतकात टेनेसी आणि कंबरलंड या नद्यांच्या दुआबात लोखंड गाळण्याचा मोठा धंदा होता. भट्ट्यांना कोळसा लागायचा, कोळशासाठी झाडं पडायची, म्हणून एकेका भट्टीभोवतीचं हजारो एकर जंगल साफ व्हायचं. सेंटर फर्नेस आणि ग्रेट वेस्टर्न फर्नेस यांचे दगडी अवशेष आजही झाडीत उभे आहेत. (जवळच्याच एडिव्हिलच्या परिसरात विल्यम केली नावाच्या कारखानदारानं वितळलेल्या लोखंडातून हवा फुंकून पोलाद करण्याची रीत शोधली आणि १८५७ मध्ये पेटंट मिळवलं. श्रेय मात्र जगानं इंग्लंडच्या बेसेमरला दिलं.) लोखंडाचा धंदा बसला, जंगल परत वाढलं, शेतं आणि छोटी गावं राहिली. दारूबंदीच्या काळात, म्हणजे १९२० ते १९३३ दरम्यान, गोल्डन पाँड हे इथलं गाव चोरट्या दारूसाठी दूरवर प्रसिद्ध होतं. रात्री रानात भट्टी लावणाऱ्याला आसपास भुताची वदंता असलेली परवडते, हा माझा तर्क. पुरावा विचारू नका.

मग धरणं आली. १९३३ मध्ये स्थापन झालेल्या टेनेसी व्हॅली अथॉरिटी या सरकारी संस्थेनं, टीव्हीएनं, टेनेसी नदीवर केंटकी धरण बांधलं. ते १९४४ मध्ये पुरं झालं. नदीकाठची सुपीक जमीन पाण्याखाली गेली आणि तिथले लोक वर सरकले. साठच्या दशकात कंबरलंड नदीवर बार्कली धरण झालं आणि दुसऱ्या बाजूचा काठ बुडाला. दोन पाण्यांच्या मधे जी जमीन उरली तिच्याबद्दल १९६३ मध्ये अध्यक्ष केनेडींच्या सरकारनं ठरवलं की मागास, नापीक भागाचं मनोरंजनाच्या जागेत रूपांतर करून देशाला एक नमुना दाखवायचा.

अडचण एवढीच होती की तिथे माणसं राहत होती. ते आपल्या भागाला ‘बिटवीन द रिव्हर्स’, नद्यांमधला मुलूख म्हणत. कित्येकांच्या पाच-सहा पिढ्या तिथल्या. सरकारनं सक्तीच्या भूसंपादनाचा अधिकार वापरून शेकडो कुटुंबांना हलवलं. काही जण न्यायालयात गेले, काही शेवटच्या दिवसापर्यंत घर सोडेनात. घरं, दुकानं, चर्च पाडली किंवा जाळली गेली. गोल्डन पाँड गाव नकाशावर नावापुरतं उरलं. आज तिथे पर्यटकांसाठी स्वागतकेंद्र आणि तारांगण आहे. आणि टेनेसीच्या हद्दीत ‘होमप्लेस’ नावाचं १८५० च्या काळातलं शेतघर उभं केलं आहे, जिथे जुन्या वेषातले कर्मचारी त्या काळची शेती करून दाखवतात. खरे शेतकरी काढून शेतकऱ्यांचा देखावा मांडायचा, यावर त्या कुटुंबांच्या वंशजांनी काय म्हणावं?

दफनभूमी मात्र हलवल्या नाहीत. या पट्ट्यात दोनशेहून जास्त छोट्या दफनभूमी झाडीत विखुरल्या आहेत, आणि वंशज अजून तिथे जाऊन साफसफाई करतात. म्हणजे बाहेरून आलेला माणूस पायवाटेनं जातो तेव्हा त्याला लागतं ते असं: रस्ता आहे पण गाव नाही. घराच्या चौथऱ्याचे दगड आहेत, अंगणात कुणीतरी लावलेले डॅफोडिल दर वसंतात फुलतात, पण घर नाही. एका वळणावर अचानक कबरी, त्याही सगळ्या एकाच आडनावाच्या. इथे काहीतरी घडलं आहे, हे कोणालाही जाणवतं. काय घडलं ते माहीत नसेल तर मन दुसरं काहीतरी शोधतं. वस्ती उठवणारं खातं हे काही भीतिदायक पात्र नाही. फाईल, नकाशा, मोबदल्याचा चेक यांची शेकोटीभोवती गोष्ट होत नाही. दात-नखं असलेल्याची होते.

‘सरकारनं दाबलं’ हे इथे इतकं सहज का पटतं, तेही आता कळावं. या लोकांना सरकारकडून मिळालेली आश्वासनं त्यांच्या पक्की लक्षात होती. जमीन घेताना सांगितलं होतं की इथे धंदेवाईक बांधकाम होणार नाही. नव्वदच्या दशकात टीव्हीए नेमक्या तशाच योजनांचा विचार करू लागली तेव्हा स्थानिकांनी जोराचा विरोध केला. अखेर १९९८ मध्ये संसदेनं या क्षेत्राच्या रक्षणासाठी वेगळा कायदा केला आणि १९९९ मध्ये कारभार टीव्हीएकडून वन खात्याकडे, यूएस फॉरेस्ट सर्व्हिसकडे गेला. ज्या मुलखात सरकारवरचा अविश्वास असा अनुभवातून आलेला आहे, तिथे चार खून दडपल्याची कहाणी ऐकून कोणी भुवई उंचावत नाही.

खरा लांडगा

या कथेला एक जोडकथा आहे, ती सहसा कोणी सांगत नाही.

अमेरिकेच्या आग्नेय भागात एकेकाळी लाल लांडगा सगळीकडे होता. करड्या लांडग्याहून लहान, लांब पायांचा, कानांमागे तांबूस. शिकार, विषप्रयोग आणि जंगलतोड यांनी तो संपत आला. शेवटचे काही टेक्सास-लुइझियानाच्या किनाऱ्यावरून पकडून आणले, त्यांतल्या १४ जनावरांपासून पिंजऱ्यातली पैदास सुरू झाली, आणि १९८० मध्ये लाल लांडगा मोकळ्या रानातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. मग त्याला परत रानात सोडण्यासाठी जागेचा शोध सुरू झाला. पहिली पसंती कुठली होती? लँड बिटवीन द लेक्स. माणसांची वस्ती नाही, हरणं भरपूर, दोन्ही बाजूंना पाणी.

योजना लोकांसमोर आली आणि आरडाओरडा झाला. गुरं पाळणाऱ्यांना गुरांची काळजी, शिकाऱ्यांना हरणांची. काही वन्यजीवप्रेमी संघटनांचा आक्षेप उलट बाजूनं होता: लांडग्यांना कायद्याचं पुरेसं संरक्षण मिळत नाही म्हणून. १९८४ मध्ये योजना गुंडाळली. म्हणजे दंतकथेतला लांडगा ज्या वर्षी कुटुंब फाडतो म्हणतात, त्याच्या मागच्या-पुढच्या वर्षांत याच रानात खरे लांडगे सोडायचे की नाही यावर वाद चालला होता. एकातून दुसरं निघालं असं ठामपणे म्हणता येणार नाही. पण १९८२ हेच साल गोष्टीला का चिकटलं, याचा विचार करताना मी तरी हा वाद बाजूला ठेवणार नाही.

लाल लांडगे पुढे १९८७ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या ॲलिगेटर रिव्हर अभयारण्यात सोडले: चार जोड्या. मोकळ्या रानातली त्यांची संख्या आजही इतकी कमी आहे की जवळजवळ प्रत्येक जनावराची नोंद ठेवली जाते. लँड बिटवीन द लेक्समध्ये लाल लांडगा आला तो वुडलँड्स नेचर स्टेशनच्या जाळीमागे, पैदास कार्यक्रमाचा भाग म्हणून.

मोकळ्या रानातली त्याची जागा रिकामी राहिली नाही. लांडगे होते तोवर कायोटी बहुतांशी पश्चिमेच्या माळरानांत होते, कारण लांडगा त्यांना टिकू देत नाही. लांडगे संपले तसे ते पूर्वेकडे सरकले आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात केंटकीभर पसरले. जे लोक लहानपणापासून या रानाचे आवाज ओळखत होते, त्यांच्याही कानाला ते सामूहिक रडणं त्या दशकांत नवीनच होतं.